डाव्या कोपऱ्यातली जागा

बातमी सविताला एसटीत कळली, आणि तीही अर्धवट. नगरहून कोपरगावला निघालेल्या गाडीत ती वाहक होती. राहुरी फॅक्टरीच्या थांब्यावर चढलेल्या प्रवाशांची तिकिटे ती मशीनवर काढत असताना खिडकीशी बसलेला एक तरुण मोबाईलवरून नजर न काढता शेजाऱ्याला म्हणाला, "आरं, आपली कबड्डीची प्रज्ञा गेली म्हनं."

"कुठं? परत भाईरदेशी?"

"तसली न्हाई रे. बाभळेश्वरच्या पुढं. टेम्पोचं टायर फुटलं अन् हिची स्कुटी समोर."

त्यानंतर सविताने तीन तिकिटे काढली. दोन पूर्ण आणि एक अर्धे. तिन्ही बरोबर होती, हे पुढे तिला स्वतःलाच नवल वाटत राहिले. चौथ्या प्रवाशाने कोल्हार म्हटले, आणि त्या गावाचे बटण कोणते हे नऊ वर्षांच्या नोकरीत तिला पहिल्यांदाच आठवेना.

गाडीत तोवर ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला होता. ज्या बाईने आयुष्यात कबड्डीचा एक सामना पाहिला नसेल तीही पदर तोंडाला लावून बसली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, "मी बघितलीय तिला. घोडेगावच्या बाजाराला गेल्तो, तवा तिकडंच सामने हुते. बैल बघायचा राहिला माझा. एवढीशी पोर, पन घोटा धरला की धरला. गडी असता तरी सुटला नसता." कोल्हारला चालकाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, डेपोला फोन लावला, आणि प्रवाशांकडे वळून म्हणाला, "मंडळी, आपल्या वाहक मॅडम तिच्याच संघात खेळतात. दुसरा वाहक यायला तासभर लागंल." चाळीस माणसे मुकाट्याने खाली उतरली. कोणी घड्याळ पाहिले नाही. एका बाईने सविताच्या हातातले मशीन हळूच काढून चालकाकडे दिले आणि ती म्हणाली, "जा बाई तू."

प्रज्ञा जगधने ही कोल्हारची. वय सत्तावीस. संघातली तिची जागा डाव्या कोपऱ्याची. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे नाव होते, टाळ्या त्याला मिळतात. कोपऱ्यात उभे राहणाऱ्याला लोक पकड झाल्यावरच पाहतात. प्रज्ञाने तो हिशेब बदलला होता. ती मैदानात असली की लोक चढाई करणारीकडे न पाहता कोपऱ्याकडे पाहत. ती वाकून उभी राही, डोळे समोरचीच्या पावलावर, आणि पाऊल बोनस रेषेकडे उचलले गेले की ते खाली टेकायच्या आत घोटा तिच्या हातात असे. भारताच्या संघातून ती दोनदा खेळून आली होती. पण गावाला तिचे कौतुक होते ते वेगळ्याच गोष्टीचे. पकड झाली की ती पडलेल्या मुलीला हात देऊन उठवी आणि तिच्या पाठीवरची माती झटके. आणि चढाई करणारीचे बोट आपल्याला लागले असेल, तर पंचाने पाहिलेले असो वा नसो, ती हात वर करून स्वतःच बाहेर जाई. तिच्या या सवयीपायी मंडळाने एकदा अंतिम सामना घालवला होता. त्या दिवशी तिला शिव्या देणारेच पुढे आपल्या पोरांना ती गोष्ट सांगत असत.

सविता तिच्या शेजारची. बचाव करणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून साखळी करतात, त्यात प्रज्ञाचा उजवा हात नऊ वर्षे सविताच्या डाव्या हातात होता. बोलायची सोय नसे, म्हणून बोटांनी बोलत. एकदा दाबले की थांब, दोनदा दाबले की मी जाते. बाहेर मात्र दोघी भरपूर भांडत.

त्या संध्याकाळपासून कोल्हारात जे झाले ते गावाने पूर्वी पाहिले नव्हते. बाजारपेठ कोणी न सांगता बंद झाली. चौकात गावातल्या दोन्ही गटांचे फ्लेक्स लागले, दोन्हींवर तिचा एकच फोटो, आणि कधी नव्हे ते खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग नव्हती. शाळेच्या मुली आपापली पदके घेऊन आल्या आणि तिच्या अंगणातल्या तारेवर अडकवून गेल्या. अंत्ययात्रेला कर्जतपासून माणसे आली. घोडेगावचा सगळा संघ आला. त्यांची चढाईपटू रूपाली, जिला प्रज्ञाने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा मातीत पाडले असेल, ती घराबाहेर दगडावर दोन तास बसून होती आणि आत जायला तयार नव्हती. "मी काय तोंडानं जाऊ? मागल्या महिन्यात तिला म्हनले हुते, पुढल्या वक्ताला तुला बघते," एवढेच ती सविताला म्हणाली. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटले तेव्हा ज्यांना ते शब्द येत नव्हते तेही ओठ हलवत उभे होते.

सहाव्या दिवशी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि संध्याकाळी चौकात श्रद्धांजली सभा. बारा जण बोलले. शेवटी नवप्रकाश क्रीडा मंडळाचे अध्यक्ष रामहरी तात्या उभे राहिले. साठी ओलांडलेला, पांढऱ्या टोपीचा हा माणूस मंडळासाठी हयातभर झटलेला. 

"पुढल्या सोमवारी कर्जतला जिल्ह्याचे सामने हायेत. लोक इचारतात, आता कोल्हारचा डावा कोपरा कोन? मी सांगतो. कोनी न्हाई! त्या जागी कोनी उभं ऱ्हानार न्हाई. आपन सहा जनी खेळू. जागा तिची हाय, तिचीच ऱ्हाईल. बोला, मंजूर?"

टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. माणसे रडत टाळ्या वाजवत होती. संघाचे प्रशिक्षक गोरक्षनाथ सर तात्यांच्या मागे उभे राहून काहीतरी सांगू पाहत होते. "तात्या, रिकाम्या जागेचा नियम आहे, जरा..." पण तात्यांनी त्यांचा हात धरून तो उंचावला, आणि लोकांनी त्यालाच संमती समजले. मग ध्वनिक्षेपक सविताच्या हातात आला, कारण आता कर्णधार ती होती.

तिला त्या क्षणी ती सूचना मनापासून पटली होती. आपल्या डाव्या हाताला दुसरे कोणी धरील ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. ती म्हणाली, "गावाला शब्द देते. जागा रिकामी राहील."

सभेच्या कडेला संस्कृती उभी होती. अठरा वर्षांची, मंडळाची राखीव खेळाडू, तीही डाव्या कोपऱ्याचीच. दोन वर्षे प्रज्ञाने तिला घासूनपुसून तयार केले होते, आणि दोन वर्षांत तिच्या वाट्याला मोजून चार सामन्यांतली थोडीशी मिनिटे आली होती. या स्पर्धेतूनच राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडला जाणार होता. तिनेही टाळ्या वाजवल्या. दुसरे करण्यासारखे तिच्याकडे काही नव्हते.

कर्जतचे मैदान मातीचे, चुन्याच्या रेषांचे. कोल्हारहून दोन टेम्पो आणि बऱ्याच मोटारसायकली आल्या होत्या. पहिल्या टेम्पोत पुढे, चालकाशेजारी, प्रज्ञाची आई चांगुणाबाई बसून आल्या होत्या. नेण्याचा आग्रह कोणी केला नव्हता. पहाटे त्या स्वतःच टेम्पोजवळ येऊन उभ्या राहिल्या.

पहिला सामना एका दुबळ्या संघाशी होता. तो सहा जणींनी मारून नेला आणि गावाला वाटले, हे जमते आहे. उपांत्य सामना घोडेगावशी पडला. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले, दोन मिनिटे स्तब्धता झाली. पाच-सहा हजार माणसांच्या मैदानात झेंड्याचे कापड फडफडलेले ऐकू येत होते. डाव्या कोपऱ्यात तात्यांनी स्वतः वाकून मातीवर झेंडूची फुले ठेवली. मुख्य पंच अंगद सरांनी ती क्षणभर राहू दिली, मग उचलून बाहेर टेबलावर अदबीने ठेवली. "पाय घसरेल कुणाचा," ते म्हणाले.

रूपालीने पहिली चढाई केली तेव्हा ती त्या कोपऱ्याकडे गेलीच नाही. मध्यरेषा ओलांडून कोपऱ्याच्या दिशेने मान लववली आणि उजव्या बाजूला सरकली. मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या चढाईलाही तसेच. तेव्हा त्यांची कर्णधार मागून ओरडली, "रुपे, डावं मोकळं हाय की! दर्शनाला आलीस का खेळायला?"

घोडेगावच्या दुसऱ्या मुलींनी तो मुलाहिजा ठेवला नाही, आणि ठेवायचे त्यांना काही कारणही नव्हते. कोपरा मोकळा म्हटल्यावर बोनस रेषा त्यांच्यासाठी उघडे दार होते. पाऊल टाकायचे, गुण घ्यायचा, परत. सविता मधली जागा सांभाळत कोपऱ्याकडे धावे, तर तिच्या मागची बाजू उघडी पडे. तिचा डावा हात पुन्हा पुन्हा हवेत जाई आणि रिकामा परत येई. एक बाद झाली, मग दुसरी, मग दोघी एकदम. आठव्या मिनिटाला सविता एकटी उरली. तिने दम भरून चढाई केली आणि तिलाही त्यांनी मध्यरेषेच्या हातभर अलीकडे दाबून धरले.

लोण झाला. संघ पूर्ण बाद. अंगद सरांनी शिट्टी वाजवली आणि गुणलेखकाकडे वळून नियमाप्रमाणे स्वच्छ आवाजात सांगितले, "पकडीचा एक. लोणाचे दोन. आणि अनुपस्थित खेळाडू बाद, एक गुण घोडेगाव."

निवेदकाने ते ध्वनिक्षेपकावर जसेच्या तसे म्हटले. "अनुपस्थित खेळाडू बाद."

आधी कोल्हारच्या लोकांना ते समजलेच नाही. मग समजले. संघात एक खेळाडू कमी असेल आणि उरलेल्या सगळ्या बाद झाल्या, तर न आलेलाही बाद धरला जातो आणि समोरच्याला त्याचा गुण मिळतो, हा नियम जुना आहे. पण ज्या मुलीला मैदानात बाद करताना जिल्ह्याच्या चढाईपटूंच्या नाकी नऊ आले, तिला तिच्याच गावाने जागा रिकामी ठेवून एका वाक्यात बाद करवून घेतले होते.

"ए पंच! कुनाला बाद देतो रे?" मागून आरोळी आली.

"मेलेल्या पोरीला बाद देतो का?"

माणसे दोरीपर्यंत आली. तात्या सर्वांच्या पुढे. अंगद सर शिट्टी खिशात टाकून रेषेपाशी गेले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज ठाम होता.

"तात्या, मी तुमच्या पाया पडतो, पण हा गुण मागं घेनार न्हाई. ह्याच मैदानात तीन वर्सांखाली मी तिला नाबाद दिलं हुतं. मला दिसलंच न्हाई. ती हात वर करून गेली भाईर. जाताना म्हनली, सर, नख लागलं हुतं. सांगा, तिच्या नावानं मी नियम वाकवू?"

तात्यांनी दोरीवरचा हात काढला. लोक हळूहळू मागे सरले. पुढची सात मिनिटे कशीबशी गेली आणि मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा फलकावर कोल्हार आठ, घोडेगाव सतरा होते.

सविता संघाकडे न जाता सरळ बायकांच्या रांगेत गेली. चांगुणाबाई मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर पाण्याची बाटली.

"मावशी," सविता वाकून म्हणाली. "मावशी, मी गावाला शब्द दिला हुता."

"गावाला दिलास न्हवं?" चांगुणाबाईंनी वर पाहिले. "मला कुनी इचारलं हुतं?"

सविता त्यांच्यासमोर मातीत टेकली.

"सभेत बारा जन बोलले. समदे चांगलं बोलले, माझं काळीज भरून आलं. पन ह्या संस्कृतीला दोन वर्सं पहाटं पाचाला माझ्या अंगनात कोन उभी करत हुतं? नुसतं शोभंसाठी? प्रज्ञा घरात आली की भाकरी खाता खाता पयलं हेच सांगायची, आज पोरीनं इतक्या धरल्या. सोताच्या कवा सांगितल्या न्हाईत." त्यांनी बाटली सविताच्या हातात दिली. "पानी पी अन् जा. येळ चाललाय."

संस्कृती ट्रॅकसूट घालून बाकाच्या टोकाला बसली होती. सविता समोर येऊन उभी राहिली तशी ती मागे सरकली.

"तयार हो."

"न्हाई ताई. मी न्हाई जायची. माझ्याकडनं एक सुटली तरी लोक म्हनतील, हिनं तिची जागा घालवली. जन्मभर म्हनतील."

"म्हनतील."

"मग?"

"मग काय? पंधरा मिनिटं माझा डावा हात मोकळा हाय. त्या पोरी त्याच बाजूनं येऊन जातात. मला तिथं मानूस लागतं, संस्कृती. तू न्हाई आलीस तर मी कुनाला सांगू?"

गोरक्षनाथ सर पंचांच्या टेबलाकडून आले.  "पंचांना कळवून आलोय," ते म्हणाले. "अनुपस्थिताच्या जागी राखीव खेळाडू केव्हाही येऊ शकते. तेच मी सभेत सांगत होतो."

दोरीजवळ तात्या आडवे आले. "सविता, गावाचा शब्द हाय."

"व्हय तात्या. अन् तो मी मोडतीय. गावानं मला काय बोलायचं ते उद्या चौकात बोला, मी येते. आत्ता बाजूला व्हा."

तिने तात्यांना आजवर कधी असे उत्तर दिले नव्हते. तात्या बाजूला झाले.

दुसऱ्या डावाला सात मुली मैदानात उतरल्या तेव्हा कोल्हारच्या बाजूने कोणी टाळी वाजवली नाही. मागून कोणीतरी "कशाला गं?" म्हणाले, तेही पुरते ऐकू आले. संस्कृती डाव्या कोपऱ्यात जाऊन वाकली. सविताने तिचा हात घट्ट धरला.

रूपाली आली. पुन्हा मान लववली आणि पुन्हा उजवीकडे सरकली. संस्कृतीकडे तिने पाहिलेदेखील नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. घोडेगाव नऊ गुणांनी पुढे होते, त्यांना चालण्यासारखे होते. पण संस्कृतीच्या गालावर रक्त चढत गेलेले सविताला शेजारून दिसले. तिसऱ्या खेपेला रूपाली वळणार तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"ओ घोडेगाव! बाजारात बैलाचे नुसते दात मोजून माघारी जायची रीत हाय का तुमच्यात? का सौदाबी करता?"

मैदान एकदम हसले. रूपालीचा दम चालू होता, तोंडाने कबड्डी कबड्डी चालले होते, तरी तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती वळली. डाव्या बाजूने खोल आत शिरली, पाऊल बोनस रेषेकडे टाकल्यासारखे केले. संस्कृती त्या पावलावर झेपावली. पाऊल तिथे नव्हतेच. रूपालीने वरून तिच्या खांद्यावर सहज बोट टेकवले आणि मध्यरेषेवर उडी मारली.

संस्कृती बाद. कोल्हारकडून एक लांब सुस्कारा निघाला, आणि ती बाहेर बसायला गेली तेव्हा माणसांनी तिच्याकडे बघायचे टाळले.

पण त्या एका चढाईने एक गोष्ट झाली. डाव्या बाजूला माणूस आहे, हे घोडेगावला कळले. आता त्या दोन्ही बाजूंनी येऊ लागल्या, म्हणजे आधीसारख्या एकाच उघड्या दाराने नाही. सविताने पुढच्या मुलीला मध्येच कंबरेला धरले, त्या गुणाने संस्कृती परत आत आली. आली ती थेट कोपऱ्यात. दोन चढायांनंतर घोडेगावची एक उंच मुलगी बोनसला गेली आणि संस्कृतीने तिला धरले. घोट्याला नाही, प्रज्ञासारखे नाही. दोन्ही हातांनी गुडघ्याला मिठी मारून, डोके तिच्या मांडीवर टेकवून, लहान मूल हटून बसते तशी. सविता आणि उरलेल्या तुटून पडल्या. गुण.

"धरली!" कोल्हारच्या बाजूने एक पोरगा ओरडला आणि लगेच गप्प बसला, जणू वाईट काही बोलून गेला.

मग लोण फिरला. घोडेगावच्या साती जणी बाद झाल्या, फलक वीस-तेवीस झाला, आणि तोवर कोणाला गप्प बसायचे भान उरले नव्हते. तात्या दोरीशी वाकून "पाय बघ, पाय!" म्हणून ओरडत होते, कोणाला ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. चार मिनिटे उरली असताना रूपाली स्वतः आली. या वेळी मान लववली नाही. सरळ डाव्या कोपऱ्यावर चालून गेली, पूर्ण ताकदीने, पूर्वी जशी प्रज्ञावर जायची तशी. सविताला बोटांवर दोनदा दाब जाणवला आणि संस्कृती हात सोडून झेपावली. गुडघा हातात आला. रूपालीने तिला तीन हात फरफटत नेले, माती उडाली, संस्कृतीची कोपरे सोलली, पण मिठी सुटली नाही. सगळ्या मुली मिळून एक ढीग झाला आणि ढिगाखालून रूपालीचा दम संपल्याचा आवाज आला.

"संस्कृती! संस्कृती!" हे नाव पहिल्यांदा कोल्हारकडून आले की कर्जतच्या पोरांकडून, यावर पुढे बराच वाद झाला. रूपाली उठली, माती झटकत म्हणाली, "गुडघं फोडतीस काय गं बये," आणि जाताना तिच्या पाठीवर एक जोराची थाप देऊन गेली.

सामना कोल्हारने घालवला. सव्वीस-सत्तावीस. एका गुणाने. शेवटच्या चढाईत बोनस घ्यायला सविता पुढे गेली होती, पाऊल रेषेच्या अलीकडे चार बोटे पडले. पंचांनी विचारायच्या आधीच तिने मान हलवली.

परतीचे टेम्पो निघाले. अर्ध्या तासाने तात्या म्हणाले, "तो एक गुन मी दिला."

"कुठला तात्या?"

"अनुपस्थिताचा. सभेत मी दिला तो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरीला मोठं करायला गेलो अन्... सरांनी सांगितलं हुतं, मी आयकलं न्हाई."

सविता म्हणाली, "मीबी शब्द दिलाच की. निम्मा माझ्या नावावर टाका."

"उद्या चौकात यायचं न्हाई तू," तात्या म्हणाले. "कोन बोलतं तुला बघतो मी."

मिरजगावला चहासाठी टेम्पो थांबले. ऊन उतरले होते. चहा हातात आला तशी माणसांची जीभ सैल झाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा कोल्हारची माणसे अपघात सोडून खेळाबद्दल बोलू लागली. बोलणे अर्थातच संस्कृतीवर घसरले. तिची पहिली पकड कशी चुकली, डावा पाय मागे हवा होता, हात वर गेला, मान खाली गेली. ज्यांनी दुपारी तिच्याकडे बघायचे टाळले होते ते सगळे आता तिला वेढा घालून तिच्या चुका सांगत होते.

"घाई नडली तुला," एक जण म्हणाला.

"मग तुमी उभं ऱ्हायचं की! मैदानात एवढीच जागा मोकळी हुती, दुपारपर्यंत," संस्कृती सोललेल्या कोपरावर फुंकर घालत म्हणाली. आजूबाजूला हशा झाला, आणि हसणाऱ्यांना आपण हसलो याचे वाईट वाटले नाही.

"हिला दाखवायला पायजे," म्हणत तात्या उठले. चपलेने मातीत एक रेघ ओढली, धोतराचा सोगा खोचला. "मी रुपाली. ये, धर मला."

ते रेघ ओलांडून आले, पाय पुढे करून मागे घेतला, आणि संस्कृती दुपारसारखीच त्या पायावर गेली. तात्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "बघ! पुन्ना तेच!"

"तुमचा पाय अजून जड हाय तात्या, म्हनून कळला न्हाई," ती कुरकुरली.

चांगुणाबाई बाकावर बसून हे सगळे पाहत होत्या. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"पाय बघू नको, बाई. पाय खोटं बोलतो. कंबर बघ. कंबर आली की मग पाय येतो."

सगळे वळून त्यांच्याकडे पाहू लागले. तात्या धोतर सावरत म्हणाले, "चांगुणाबाई, तुमी कवा खेळला?"

"खेळते कशाला? सोळा वर्सं अंगनात धुनं वाळत घालताना बघतीय. प्रज्ञाबी आदी पायच बघायची. दोन वर्सं सुटत हुत्या तिच्याकडनं. रडायची संध्याकाळी." त्यांनी हाताने इशारा केला. "पुन्ना या तात्या. सावकाश या. अन् सविता, तू काय बघत बसलीस? तुझी जागा कुठली?"

सविता उठली आणि संस्कृतीच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तात्यांनी टोपी गोरक्षनाथ सरांच्या हातात दिली, रेघेमागे गेले, छाती भरून दम घेतला आणि कबड्डी कबड्डी म्हणत निघाले. टेम्पोच्या चालकाने दोनदा हॉर्न वाजवला. कोणी लक्ष दिले नाही.